कानाची सरासरी आणि माणसाचे ऐकणे

सेवेतील दिव्यांग कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी करावी, असा हुकूम राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने २०२५ साली जिल्हा परिषदांना दिला, तेव्हा श्रवणतपासणीच्या व्यवसायातील प्रत्येक प्रामाणिक माणसाप्रमाणे आम्हांसही समाधान वाटले. कारण खोट्या दाखल्याच्या बळावर जो सोयीची बदली किंवा राखीव जागा पदरात पाडून घेतो, तो शासनाला तर फसवतोच, परंतु त्याहून अधिक त्या खऱ्या बहिऱ्या माणसाला लुबाडतो, ज्याला त्या सवलतीवाचून गत्यंतर नसते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ९१ मध्ये अशा लबाडीसाठी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे, आणि ते कागदावरच राहू नये हीच आमचीही इच्छा आहे. परंतु हुकूम कितीही रास्त असला, तरी ज्या हातांनी त्याचा अंमल व्हायचा त्या हातांना विषयाची जाण नसेल तर न्यायाच्या नावाखाली अन्याय घडतो. आणि अमरावती जिल्ह्यातील वरूड, मोर्शी, अचलपूर ह्या भागांतून व शेजारच्या अकोला जिल्ह्यातून आमच्या वाचकांची जी पत्रे येत आहेत, ती ह्याच अन्यायाची कैफियत मांडतात.

तक्रारीचे स्वरूप थोडक्यात असे. जुन्या दाखल्यावरील ऑडिओग्राम आणि फेरतपासणीचा ऑडिओग्राम समोरासमोर ठेवायचे, दोहोंत तफावत दिसली की अर्जदार लबाड ठरवायचा, आणि शंका उरलीच तर एक बेरा काढून तिच्या निकालावर शिक्का मारायचा, असा शिरस्ता काही ठिकाणी पडू लागला आहे. ज्याला श्रवणदोषांचे प्रकार ठाऊक आहेत त्याला ह्या पद्धतीतील प्रमाद सांगावा लागत नाही. परंतु दफ्तरात बसून फाइल पुढे सरकवणाऱ्या अधिकाऱ्याला तो कोणीतरी सांगितलाच पाहिजे, आणि ते काम आपल्याखेरीज दुसऱ्या कोणाचे नव्हे.

श्रवणक्षमता बदलते, ही गोष्ट ज्या दाखल्याने मुळातच नोंदली नाही, तो दाखला पुढे संशयाला कारण होणारच. ज्याचा कान लहानपणापासून वाहत होता, पडद्याला मोठे भोक होते, आणि मध्यंतरी ज्याने नागपुरास जाऊन टिम्पॅनोप्लास्टी करून घेतली, त्याचा वायुवहनाचा उंबरठा २० ते ३० डेसिबलांनी सुधारला तर त्यात लबाडी कोठे आली? मेनिएरच्या विकारात श्रवण आज खाली जाते आणि काही आठवड्यांनी पुन्हा वर येते, हा तर त्या रोगाचा स्वभावच आहे. अधिनियमाखालील नियमांनी ही अस्थिरता ओळखलेली आहे. ज्या दोषात काळानुसार फरक पडण्याची शक्यता आहे त्याचा दाखला ठरावीक मुदतीचा द्यावा, आणि जेथे तशी शक्यता नाही तेथेच कायमचा द्यावा, असा स्पष्ट भेद त्यांत आहे. हा भेद पाळण्याची जबाबदारी दाखला देणाऱ्या मंडळाची होती. ती पार न पडल्याचे प्रायश्चित्त ज्याने शस्त्रक्रिया करून घेतली त्या शिक्षकाने किंवा कारकुनाने का घ्यावे?

बेराच्या आंधळ्या वापराविषयी तर अधिकच स्पष्ट बोलले पाहिजे. क्लिक ध्वनीने घेतलेली बेरा मुख्यत्वे २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्याविषयी साक्ष देते. ज्याचा दोष ५०० आणि १००० हर्ट्झवर एकवटला आहे, त्याची क्लिक-बेरा जवळजवळ निर्दोष दिसू शकते, आणि केवळ तेवढ्यावरून त्याच्या ऑडिओग्रामला खोटे म्हणणे हे शास्त्राला धरून नाही. त्याच्या उलट ऑडिटरी न्यूरोपथी. नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ किंवा प्राणवायूची कमतरता ह्यांनंतर उद्भवणाऱ्या ह्या विकारात आतील कानाच्या बाह्य केशपेशी शाबूत असतात म्हणून ओएई उत्तम येते, चेतातंतूंतील संकेतांचा ताल बिघडलेला असतो म्हणून बेरा मुळीच येत नाही, शुद्ध स्वरांचा उंबरठा कोठेही असू शकतो, आणि शब्द कळण्याची शक्ती मात्र त्या उंबरठ्याच्या मानाने पार ढासळलेली असते. अशा एकाच मुलाला एक तपासनीस ओएई पाहून निर्दोष ठरवील आणि दुसरा बेरा पाहून पूर्ण बहिरा ठरवील. दोघांचेही कागद नियमानुसार असतील आणि दोघांचेही निदान चुकलेले असेल. सोंग उघडे पाडण्याची साधने आपल्या शास्त्रात पुरेशी आहेत. एका कानाच्या बनावट तक्रारीसाठी स्टेंगर चाचणी आहे, वारंवारतेनुसार उंबरठा काढण्यासाठी एएसएसआर आहे, शुद्ध स्वरांच्या सरासरीचा भाषणाच्या उंबरठ्याशी मेळ घालून पाहणे आहे. ह्या सर्वांची साक्ष एकत्र काढली म्हणजेच निवाडा होतो.

आता ज्या गणितावर सारा डोलारा उभा आहे त्याकडे वळू. दोन्ही कानांची टक्केवारी काढायची, चांगल्या कानाच्या टक्केवारीला ५ ने गुणायचे, त्यात वाईट कानाची टक्केवारी मिळवायची आणि ६ ने भागायचे, हे सूत्र आपल्यातील प्रत्येकाला मुखोद्गत आहे. त्याचा अर्थ असा की ज्याचा एक कान ठार बहिरा आणि दुसरा निर्दोष, त्याच्या वाट्याला १६.६७ टक्के येतात, ४० टक्क्यांचा उंबरठा तो जन्मात ओलांडू शकत नाही, आणि म्हणून एडिप योजनेतून त्याला क्रॉस यंत्रही मिळत नाही. गालगुंडानंतर एका कानाचे श्रवण कायमचे गेलेली मुले आपल्या सर्वांच्या पाहण्यात आहेत. २०१८ च्या मोहिमेनंतर गोवर-रुबेलाची लस घरोघर पोचली, ही जन्मजात बहिरेपण टाळण्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट झाली, परंतु त्या लशीत गालगुंडाचा समावेश नाही. वर्गात बहिऱ्या बाजूला बसलेले, गोंगाटात शिक्षकांचे बोलणे न कळणारे आणि आवाज कोठून आला हे न उमगणारे असे मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या श्रवणविषयक अहवालात एका कानाच्या दोषाला स्वतंत्र श्रेणी दिली. आपल्या सूत्रात मात्र त्या मुलाला जागा नाही.

जी गोष्ट एका कानाची, तीच उताराच्या ऑडिओग्रामची. ज्याने उमेदीची वर्षे जिनिंगमध्ये काढली, किंवा संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरने फवारणी करण्यात घालवली, त्याचा उंबरठा ५०० हर्ट्झवर २०, १००० वर २५, २००० वर ६० आणि ४००० वर ७५ असेल, तर सरासरी ४५ भरते, आणि कायद्यातील ऊनश्रवणाची व्याख्या सुरू होते ६० डेसिबलांपासून. हा माणूस सांगतो, ‘मले आवाज येते, पन बोलनं समजत नाई’. आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे असते, कारण स्वर त्याच्या कानात पडतात आणि स, श, थ, फ ही व्यंजने वाटेतच गळून जातात. त्यातही जिनिंगमधील कामगारास निदान कामगार कायद्याचा आधार आहे, कारण गोंगाटजन्य बहिरेपण त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सूचनीय रोग म्हणून नोंदलेले आहे. परंतु शेंदूरजनाघाट, बेनोडा किंवा जरूडच्या बागांत राबणाऱ्या मजुराचे कान कोणत्या परिशिष्टात येतात?

परंतु शासनाला दूषण देताना आपल्यातीलच काही मंडळींचा आळस झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. मास्किंग न करता काढलेले ऑडिओग्राम अजूनही मंडळांसमोर येतात, ही शरमेची गोष्ट आहे. हेडफोनमधून दिलेला ध्वनी ४० डेसिबलांच्या पुढे गेला की दुसऱ्या कानाकडे ओलांडू लागतो, आणि अस्थिवहनात तर हा अडसर जवळजवळ शून्यच असतो, हे प्रथम वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. तरीही ठार मेलेल्या कानाची छायारेषा खरी मानून त्यास मिश्र दोष म्हटले जाते, आणि कधी ज्याचा उपयोग नाही अशा शस्त्रक्रियेची वाट त्या रुग्णाला दाखवली जाते. यंत्राचे कॅलिब्रेशन वेळेवर न करणे, बसस्थानकासमोरच्या गाळ्यात ध्वनिरोधक खोलीवाचून चाचणी घेणे आणि मग ५०० हर्ट्झवरचा वाढलेला उंबरठा रुग्णाच्या माथी मारणे, हे प्रकार थांबले पाहिजेत. भाषणाची चाचणी तर बहुतेक अहवालांतून गायबच असते. आणि चाचणीच न करता काउंटरवर कानाचे यंत्र विकणाऱ्यांविषयी काय बोलावे? ज्याच्या श्रवणपट्ट्याचा वरचा अर्धाच भाग खालावला आहे त्याला सरसकट मोठा आवाज देणारे यंत्र लावले, तर तो ते आठवड्याच्या आत पेटीत ठेवतो, आणि त्याचे पाहून गावातील आणखी चार माणसे यंत्राचे नावच टाकतात.

ह्या सर्व तांत्रिक चर्चेच्या पलीकडे त्या माणसाचे जगणे आहे, आणि आमचा खरा आक्षेप हाच की दाखल्यातील आकडा त्या जगण्याविषयी काहीच सांगत नाही. ज्याचा दोष संवहनाचा आहे त्याला मोठ्याने बोलल्यास कळते. ज्याचा दोष आतील कानाचा आहे त्याच्याशी ओरडून बोलल्याने बोलणे अधिकच विस्कटते, आणि त्याला हवे असते ते समोर तोंड करून, उजेडात, सावकाश उच्चारलेले वाक्य. आंबिया बहाराचा सौदा ठरत असताना, बाजार समितीत हर्रासाची बोली वाढत असताना, किंवा बँकेतील माणूस काचेआडून काही विचारत असताना केवळ मान डोलावणारा वृद्ध बागायतदार नुकसानीत जातो ते कमी ऐकल्यामुळे नव्हे, तर ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याची त्याला लाज वाटते म्हणून. हळूहळू तो पारावर जाणे सोडतो, लग्नकार्यात कोपरा धरतो, आणि घरातले निर्णय त्याला वगळून होऊ लागतात. मध्यम वयातील उपचाररहित श्रवणदोष आणि उतारवयातील स्मृतिभ्रंश ह्यांचा संबंध लॅन्सेट आयोगाने २०१७ पासून वारंवार पुढे मांडला आहे. तेव्हा ‘म्हातारपणी ऐकू कमी यायचेच’ ह्या समजुतीला निदान आपण तरी खतपाणी घालू नये.

वरूडहून अमरावतीचे अंतर सुमारे ९० किलोमीटर. दाखल्यासाठी एकदा, चाचणीच्या तारखेसाठी पुन्हा, यंत्र बंद असल्याने तिसऱ्यांदा, अशा खेपा घालणाऱ्या मजुराचा प्रत्येक खेपेस एक रोज बुडतो. दाखला देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिन्यांची केली. मुदत लांबवण्याऐवजी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी श्रवणतज्ज्ञ आणि प्रमाणित यंत्र पाठवले असते, तर निम्मी गर्दी आणि बहुतेक दिरंगाई आपोआप मिटली असती.

नियमातील आकडा आणि माणसाची गरज ह्यांमधील हा झगडा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. अचलपूर तालुक्यातील वझ्झरच्या बालगृहात शंकरबाबा पापळकर ह्यांनी बेवारस, मतिमंद आणि मूकबधिर मुलांना आपले नाव दिले, आणि १८ वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना संस्थेबाहेर काढणारा नियम त्यांच्यासाठी बदलावा म्हणून वर्षानुवर्षे शासनाचे दरवाजे ठोठावले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांच्या कार्याचा खरा धडा हा की बहिरेपणासह जगण्याची सोय आधी पाहावी लागते, मग तो माणूस नियमात बसतो की नाही हा प्रश्न येतो. ज्याच्या कानात यंत्राने भाषा पोचणार नाही, त्याला खुणांची भाषा वेळेवर मिळणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क डावलून केवळ बोलण्याचा आग्रह धरणे हेही एक प्रकारचे उपेक्षणच होय.

आता वाचकांनो, कागद पुढे ओढा. ह्या महिन्यापासून आपल्या सहीने जाणाऱ्या प्रत्येक अहवालात दोषाचा प्रकार, दोन्ही कानांचे स्वतंत्र उंबरठे, मास्किंग केल्याची नोंद, स्पीच डिस्क्रिमिनेशनचा गुण, दोष स्थिर आहे की बदलता ह्याविषयीचे स्पष्ट मत, आणि त्या माणसाला शाळेत, कामावर व घरी कोणती सोय लागेल हे चार ओळींत लिहिलेच पाहिजे. नमुन्यात जागा नसेल तर पुरवणी जोडा आणि पोच घ्या. ज्याला एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, त्याला कानात तेल घालून पडून राहू देऊ नका. त्याच दिवशी चाचणी करा व उपचाराला पाठवा, कारण पहिल्या दोन आठवड्यांत दवडलेला वेळ परत मिळत नाही. नवजात बालकाची ओएई पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्याच्या आत आणि यंत्र सहाव्याच्या आत, ह्या क्रमासाठी आपल्या गावच्या आशाताईंशी आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशी आजच बोला. त्या कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला झाला, तेव्हा तो वरूडपर्यंत पूर्ण ताकदीने पोचवण्याचा आग्रह धरणे आपले कर्तव्य आहे. जेथे तफावतीवरून कोणाला लबाड ठरवले जात असेल, तेथे तो दोष बदलता का आहे हे सांगणारे आपले लेखी मत मंडळापुढे रुजू करा, आणि जेथे खरोखरच सोंग असेल तेथे तेही तितक्याच निर्भयपणे लिहा. आणि पाचास एक ह्या सूत्राचा फेरविचार व्हावा, एका कानाच्या व उताराच्या दोषाला निदान यंत्र आणि शालेय सवलतींपुरती स्वतंत्र श्रेणी मिळावी, अशी मागणी दिव्यांग आयुक्तांकडे सप्रमाण पाठवण्यासाठी आपापल्या केसेसच्या नोंदी, नावे वगळून, आमच्याकडे पाठवा. पुढील अंकापासून त्या आम्ही क्रमाने छापू आणि संकलन पूर्ण होताच निवेदनासह सादर करू. शंभर तक्रारींनी जे होत नाही ते शंभर अचूक ऑडिओग्रामांनी होईल, आणि ते काढणे सर्वस्वी आपल्या हातात आहे.