डाव कुणामुळे तुटला?

रायगडातल्या दिघीत धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. सातबारा, लाइट बिल, शिष्यवृत्तीचे अर्ज ही पोटापाण्याची कामं. करोनापासून त्यात एक फुकटचं काम वाढलं. बुद्धिबळ नाहीतर लुडो खेळता खेळता मध्येच पट गोठतो आणि 'काका, नेट गेलं, बघा ना' म्हणत फोन माझ्या काउंटरवर येतो. बऱ्याचदा नेट गेलेलं नसतंच.

नेटला शिव्या घालायला आमच्याकडे कारणं भरपूर आहेत, ते मान्य. पाठीशी डोंगर, समोर राजपुरीची खाडी. फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडच्या आगरदांड्याच्या अंगाचा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, टॉवर मुके झाले, आणि लाइट यायला कित्येक गावांत आठवडे लागले. आजही पावसात लाइट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. त्यामुळे काही बिघडलं की बोट आपसूक टॉवरकडे जातं.

एक मुलगी कुवेतच्या मामाशी रोज संध्याकाळी बुद्धिबळ खेळते. तिची तक्रार अशी, की मामा हरायला लागला की नेमकं नेट जातं. डाव माझ्यासमोर मांडायला सांगितला. मामाची खेळी आली, पाठोपाठ व्हॉट्सॲपवर त्याचा चिडवणारा व्हॉइस मेसेज आला. पोरगी तो ऐकायला गेली आणि परतली तर पट जागचा हलेना. फोनवर बॅटरी सेव्हर चालू होता. ब्राउझर नजरेआड झाला की फोन त्याला झोपवतो, आणि खेळाशी असलेली जोडणी तिथेच तुटते. सेव्हर बंद केला, मामाची बोलणी डाव संपल्यावर ऐकायची असं ठरलं. मामा आता कुठल्याही अडथळ्याविना हरतो.

दुसरे एक रिटायर्ड गृहस्थ. जुना लॅपटॉप, कुठलंही पान उघडलं की लाल त्रिकोण आणि 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' अशी पाटी. कोणी हॅक केलं या धास्तीने त्यांनी बँकेचं कार्डसुद्धा बंद करून टाकलं होतं. खालच्या कोपऱ्यात तारीख पाहिली तर जानेवारी 2012! लॅपटॉपच्या आतला बटणाएवढा सेल संपला की त्याचं घड्याळ मागे जातं, आणि त्या तारखेला संकेतस्थळाचं सुरक्षा प्रमाणपत्र जन्मालाच आलेलं नसतं. तारीख दुरुस्त केली, पाटी गेली. कार्डासाठी मात्र त्यांना बोर्लीच्या बँकेत खेटे घालावे लागले.

बातम्या उघडतात, यूट्यूब चालतं, मग खेळच का अडकतो, असं सगळे विचारतात. बातमीचं पान एकदा उतरलं की काम संपलं. यूट्यूब पुढचा थोडा भाग आधीच साठवून ठेवतं. खेळाचं तसं नाही. तो चालू ठेवलेल्या फोनसारखा: कोणी बोलत नसलं तरी लाइन उघडी राहावी लागते. वायफाय सोडून डेटावर गेलात, किंवा जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन आडवं आलं, की लाइन कटते. पान मात्र समोर तसंच दिसत राहतं, म्हणून माणूस बोटं आपटत बसतो. अशा वेळी पान बिनधास्त रिफ्रेश करावं. डाव तुमच्या फोनमध्ये नसतोच, तो सर्व्हरवर असतो, आणि तुमचं घड्याळही तिथेच पळत असतं. रिफ्रेश केलं तर डाव जाईल या भीतीने गप्प बसणारे वेळेवर हरतात.

तेवढ्याने भागलं नाही तर मी तोच खेळ इन्कॉग्निटोमध्ये उघडतो. तिथे चालला तर दोष एक्स्टेंशनचा किंवा ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फायलींचा. नाही चालला तर शेजाऱ्याचा, दुसऱ्या कंपनीचा हॉटस्पॉट घेतो. त्यावर चालला तर आपल्या कंपनीचं दुखणं. तिथेही नाही, तर खेळ चालवणाऱ्यांचंच काहीतरी बिनसलंय. एवढं सगळं चहा निवायच्या आत होतं, पण दोष घरात आहे, वाटेत आहे की पलीकडे आहे ते कळतं.

आणि ते कळणं का महत्त्वाचं, याचा दाखला साक्षात जागतिक स्पर्धेत आहे. 2020 मध्ये करोनामुळे फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड ऑनलाइन घेतलं. भारताचा कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, संघात नागपूरची 14 वर्षांची दिव्या देशमुख. उपांत्यपूर्व फेरीत आर्मेनियाच्या हाइक मार्तिरोस्यानची भारताच्या निहाल सरीनविरुद्ध खेळताना जोडणी तुटली आणि तो वेळेवर हरला. आमचं नेट शाबूत होतं, बिघाड पलीकडे आहे, असं आर्मेनियाचं म्हणणं. अपील फेटाळलं गेलं, तेव्हा निषेध म्हणून त्यांनी दुसरी लढतच सोडली. भारत पुढे गेला.

दोनच दिवसांनी, 30 ऑगस्टला, रशियाविरुद्ध अंतिम सामना होता. या वेळी जोडणी तुटली ती निहाल आणि दिव्याची, आणि दोघंही वेळेवर हरले. अपील आता भारताने केलं. त्या रविवारी सेंचुरीलिंक या अमेरिकी नेटवर्क कंपनीत एक चुकीचा फिल्टर-नियम राउटरांवर पसरला होता आणि जगभर अनेक ठिकाणी इंटरनेट कोलमडलं होतं. इंटरनेटची वाहतूक हाताळणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने तेव्हा जगाची एकूण इंटरनेट वाहतूक साडेतीन टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं. हे समोर असल्यामुळे फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं.

आपल्याकडे त्या पदकाचे पेढे वाटले गेले. आर्मेनियाची आठवण फारशी कोणी काढली नाही. माझ्या मते दोन्ही निकालांत फरक खेळाडूंचा नव्हता, पुराव्याचा होता. भारताच्या वेळी बिघाड एवढा मोठा होता की तो अख्ख्या जगाला दिसला. छोटा बिघाड असा दिसत नाही, तो शोधावा लागतो. आणि शोधायच्या आधीच निकाल लावला तर भुर्दंड नेहमी दूरच्या, गरीब जोडणीवाल्यालाच पडतो.

शाळा-मंडळांच्या ऑनलाइन स्पर्धांच्या माहितीपत्रकात एक वाक्य हमखास असतं: इंटरनेटची जबाबदारी स्पर्धकाची. मोठ्यांच्या स्पर्धेतून उचललेलं हे वाक्य ठाण्याच्या फ्लॅटमधल्या मुलाला चालून जातं. इथल्या मुलाला घरात रेंज नाही म्हणून बांधावर बसून खेळावं लागतं, आणि पाऊस आला की फोन पिशवीत टाकून पळावं लागतं. त्याला तीन मिनिटांचा डाव देणं म्हणजे खेळायच्या आधीच प्यादी काढून घेण्यासारखं आहे. घड्याळ मोठं ठेवा, दर खेळीला काही सेकंद वाढवून द्या, आदल्या दिवशी एक सरावाचा डाव ठेवा म्हणजे झोपणारा ब्राउझर आणि मागे पडलेली तारीख तेव्हाच सापडेल. यात खर्च कसलाच नाही.

त्याहून बरा मार्ग फिडेच्याच नियमांत आहे, संमिश्र स्पर्धेचा. मुलं एका जागी पंचासमोर बसतात आणि दुसऱ्या ठिकाणच्या मुलांशी नेटवरून खेळतात. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 पासून चालू आहे. जिथे ती तार खरंच पोचली आहे तिथे रविवारी ग्रामपंचायतीचं कुलूप उघडलं, तर आसपासच्या वाड्यांतली मुलं एकाच जोडणीवर, एकाच पंचासमोर खेळतील. तार तुटली तरी सगळ्यांची एकदम तुटेल, आणि ती तुटली हे पंचाला डोळ्यांनी दिसेल.

मुलांनाही मी एक सांगतो. डाव तुटला की आधी स्क्रीनशॉट काढा, वेळ दिसली पाहिजे, आणि लगेच पंचाला फोन लावा. पण गेल्या पावसाळ्यात एका स्पर्धेचं पत्रक छापायला दुकानात आलं होतं. त्यात बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत, प्रायोजकांचे फोटो ओळीने, आणि पंचाचा नंबर कुठेच नव्हता. मी विचारलं तर आणणारा म्हणाला, "जागा उरली नाही."