बळीची जागा कोण ठरवतो?

अमेरिकेत मोंटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग, नेब्रास्का आणि कोलोरॅडो या राज्यांत गव्हाच्या शेतांखाली, गुरांच्या कुरणांखाली सुमारे ४०० ‘मिनटमन-३’ अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे सज्ज उभी आहेत. १९६० च्या दशकात ही भुयारे खोदली गेली. शेतकऱ्याने नकार दिला तरी सरकारला कायद्याने जमीन घेता येत होती.

शत्रूने आपले अणुबाँब या विरळ वस्तीवरच खर्च करावेत, असा युद्धपंडितांचा हिशेब आहे. त्याला ते ‘अणुस्पंज’ म्हणतात! म्हणजे ज्यांचे रक्षण करायचे, त्यांनाच आधी मार झेलायला पुढे उभे केले आहे.

नॉर्थ डकोटात मंडान, हिदात्सा आणि अरिकारा या मूळनिवासींच्या फोर्ट बर्थोल्ड राखीव भूमीवरही ही भुयारे आहेत. याच लोकांची नदीकाठची सुपीक जमीन १९५० च्या दशकात गॅरिसन धरणाने गिळली. आधी धरण, मग बाँब. त्याग मात्र त्यांचाच!

आता जुन्या क्षेपणास्त्रांच्या जागी ‘सेंटिनल’ येणार आहे. त्याचा अंदाजित खर्च २०२४ साली सुमारे १४१ अब्ज डॉलरवर गेला. पैसा मोजला जातो, माणसे मोजली जात नाहीत. जी सुरक्षा दुबळ्यांना ढाल करते, तिला राष्ट्ररक्षण कसे म्हणावे?