‘सेम टू सेम’चं वचन

‘मागच्या वेळी दिला होता तोच रंग पाहिजे. सेम टू सेम.’ क्रोशाच्या बाहुल्या करून इन्स्टाग्रामवर विकणाऱ्या मुलींना हे वाक्य नवं नाही. बेळगावात, निपाणीत, चिकोडीत आता घरबसल्या असं काहीतरी करणारं कोणी ना कोणी भेटतंच. नाताळ जवळ आला की सोनेरी केसांच्या देवदूतांना मागणी, मे महिन्यात वाढदिवसाच्या बाहुल्यांना. या बाहुल्यांना केस लागतात. लोकरीचे किंवा नायलॉनचे. ते पुरवणारी मंडळी तर आणखीनच छोटी. एक खोली, दोन कपाटं, एक वजनकाटा आणि व्हॉट्सॲप, एवढाच त्यांचा पसारा.

गिऱ्हाईक तक्रार करतं : ‘पहिली लडी तपकिरी होती, दुसरी लालसर आली. बाहुलीचं अर्धं डोकं एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या. आता हे मी कुणाला विकू?’ त्यावर पुरवठादार बाईंचं उत्तर ठरलेलं असतं : ‘मॅडम, थोडं इकडंतिकडं होणारच की!’

हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. माझ्या मते ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आणि पैसे घेऊन झाल्यावर दिलं, तर ते अन्यायाचंही आहे.

आधी खरं काय ते बघू. आपल्या घरी दिवाळीत चकल्या होतात. पीठ एक, तेल एक, तळणारी आईही एकच. तरी पहिला घाणा आणि चौथा घाणा सारखा रंगत नाही. तेल तापत जातं, वेळ थोडा पुढंमागं होतो. धागा रंगवतानाही तेच होतं. कृती तीच असली तरी रंगाच्या प्रत्येक घाण्यात पाण्याचा कठीणपणा, उष्णता, धागा बुडवून ठेवण्याचा वेळ आणि मुळात त्या धाग्याची रंग पिण्याची ताकद यांत फरक पडतो. म्हणून लोकरीच्या चांगल्या गुंड्यांवर रंगाच्या नंबरासोबत ‘डाय लॉट’ नंबर वेगळा छापलेला असतो. स्वेटर विणणाऱ्या आपल्या आज्यांना हे पाठ होतं. लागेल त्यापेक्षा एक गुंडी जास्तच घ्यायची, आणि सगळ्या एकाच लॉटच्या.

नायलॉनसारख्या केसांची गोष्ट यापेक्षा किचकट आहे. १९३३ साली अमेरिकेतल्या डाऊ कंपनीच्या प्रयोगशाळेत राल्फ वायली या तरुणाला काचेच्या भांड्यात घासूनही न निघणारा एक पदार्थ सापडला. त्यातूनच पुढं ‘सरान’ आलं. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या बार्बीचे केस या सरानचेच होते. सरान जड असतं, वळण धरून ठेवतं. नायलॉन हलकं, मऊ आणि चमकदार. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, पण हाताला कोरडं लागतं आणि लवकर गुंततं. म्हणजे दोन लड्यांचा रंग अगदी जुळला तरी जात वेगळी निघाली, तर बाहुलीची एक वेणी नीट बसेल आणि दुसरी फिसकारलेली राहील.

त्यात डोळाही फसतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग बाहेर उन्हात वेगळे दिसू शकतात. मोबाईलवरचा फोटो तर विचारूच नका. माझ्या स्क्रीनवरचा चॉकलेटी तुमच्या स्क्रीनवर काळा.

आता छोट्या पुरवठादाराची अडचण समजून घेऊ. मोठी खेळणी कंपनी आपल्या रंगाचा माल टनावारी करून घेते आणि जुळला नाही तर अख्खा लॉट परत पाठवते. कारखाना तिचं ऐकतो, कारण ती मोठी गिऱ्हाईक आहे. आपल्या गल्लीतली बाई दोन-चार किलो घेते. कारखान्यानं एखादी छटा बंद केली तर तिला कोणी कळवत नाही. बाजारात जवळचं मिळेल ते घ्यायचं आणि लड्या करून विकायच्या. मालाच्या एकसारखेपणावर तिचा ताबा जवळजवळ नाहीच. मग गिऱ्हाइकाला ‘सेम टू सेम’ मिळेल असं वचन तिनं द्यावंच कशाला?

पण ती देते. ऑर्डर जाईल या भीतीनं देते. ‘मिळेल का?’ असं विचारल्यावर ‘हो मिळेल’ म्हणते, आणि माल पोचल्यावर ‘थोडा फरक होणारच’ म्हणते. माझा आक्षेप आहे तो इथं. फरक माल पाठवण्याआधीही तिच्या डोळ्यांसमोर होताच. लडी कपाटातून काढताना तिनं तो पाहिला होता. तो सांगायला एक फोटो आणि एक ओळ पुरली असती.

या न सांगण्याची किंमत कोण मोजतं? बहुतेक वेळा तिच्याचसारखी दुसरी एखादी छोटी बाई. बाहुली करणाऱ्या मुलीनं चार दिवस सुईनं केस ओवलेले असतात. ते उसवायचे, पुन्हा लडी मागवायची, कुरिअरचा खर्च सोसायचा आणि वाढदिवस उलटून गेल्यावर पुढच्या गिऱ्हाइकाची बोलणी खायची. फायदा दोघींच्या पदरात नाही, आणि विश्वास गेला तो वेगळाच.

मग एकसारखेपणा म्हणजे नेमकं काय मागायचं? याचं एक चांगलं उत्तर आपल्याच मुलखात आहे. कोल्हापुरी चपलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. चार महाराष्ट्राचे : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. चार कर्नाटकाचे : बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. म्हणजे निपाणी-अथणीकडचा कारागीरही त्यात आला. आता चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. कातड्याचा प्रत्येक तुकडा वेगळा रंग धरतो. दोन जोड तंतोतंत एका छटेचे निघतील याची खात्री कुठलाच कारागीर देणार नाही. मानांकनही तसली हमी देत नाही. चप्पल कशाची, कोणत्या पद्धतीची आणि कुठली, एवढंच ते सांगतं. काय कायम राहील ते पक्कं, बाकीचं हाताचं.

याच चपलेवरून जून २०२५ मध्ये गदारोळ झाला तोही आठवा. मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या. लोक चिडले ते रंग किंवा शिवण चुकली म्हणून नव्हे. त्या कुठून आल्या हे सांगितलं नव्हतं म्हणून. शेवटी कंपनीनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. सांगायला हवं ते न सांगणं मोठ्यांनाही महागात पडतं.

बाहुलीचे केस विकणाऱ्या बाईंनी हीच रीत धरावी असं मला वाटतं. तिच्याकडून चार गोष्टींची अपेक्षा ठेवणं रास्त आहे. पहिली, लडीवर जात लिहावी : लोकर, नायलॉन, सरान, जे असेल ते. दुसरी, वजन आणि लांबी लिहावी आणि ती पाळावी. रंगावर तिचा ताबा नसला तरी वजनकाट्यावर आहे. तिथं ‘थोडं इकडंतिकडं’ चालणार नाही. तिसरी, प्रत्येक नव्या खरेदीला आपला एक साधा नंबर द्यावा आणि वहीत त्या खरेदीचा एक तुकडा चिकटवून ठेवावा. चौथी, जुन्या गिऱ्हाइकानं तोच रंग मागितला आणि लॉट बदललेला असला, तर जुना-नवा तुकडा शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडातला फोटो आधी पाठवावा. ‘चालत असेल तरच पैसे पाठवा’ एवढी एक ओळ सोबत.

कोणी म्हणेल, एवढं सांगत बसलं तर ऑर्डर हातची जाईल. जाईल, काही वेळा. पण जी राहील ती परत येणार नाही. शिवाय कायदाही आहेच. मार्केटप्लेसवर माल विकणाऱ्यांसाठी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत असं आहे, की जाहिरातीत सांगितलेले किंवा कबूल केलेले गुण मालात नसतील तर तो परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणजे ‘सेम टू सेम’ असं लिहिलं की ते बोलणं न राहता कबुली होते. जे हातात नाही ते कबूल करू नये, हे छोट्या विक्रेत्याच्याच हिताचं आहे.

गिऱ्हाइकाचीही बाजू तपासायला हवी. आपण अर्धी लडी मागवतो, सहा महिन्यांनी उरलेली अर्धी मागतो आणि मधल्या काळात जग थांबलं असेल असं धरून चालतो. पन्नास रुपयांच्या मालाला कंपनीची शिस्त मागतो आणि जमलं नाही की सरळ एक स्टार देऊन मोकळे होतो. पूर्ण बाहुलीला किती लागेल याचा हिशेब आपण आधी करावा, एकाच वेळी घ्यावं, आणि तक्रार करण्याआधी लडी उन्हात नेऊन बघावी. हे आपलं काम आहे, तिचं नव्हे.

आपलं हे वाङ्मय मंडळ आहे, म्हणून शेवटी भाषेबद्दल थोडं. ‘सेम टू सेम’, ‘डिट्टो’, ‘हंड्रेड पर्सेंट मॅचिंग’ हे शब्द आपण किती सैल सोडतो! मराठीत प्रत आहे, वाण आहे, छटा आहे, घाणा आहे. ‘त्याच वाणाचा, नव्या घाण्यातला, छटा किंचित लाल’ एवढं लिहिलं तर वाचणाऱ्याला सगळं कळतं आणि लिहिणारीही खोटी पडत नाही. आपल्यापैकी कितीतरी जण घरच्या किंवा शेजारच्या छोट्या धंद्यांची इन्स्टाग्राम पानं सांभाळतात, मजकूर लिहून देतात. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ‘सेम टू सेम’ टाइप करण्याआधी कपाटातली लडी एकदा उजेडात नेऊन बघा, आणि दिसेल तेच लिहा.