चार आणे आई, बारा आणे अंदाज

आमच्या घरात आईची हलतीचालती छबी एकच. १९६४ च्या दिवाळीत मामांनी आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने गिरगावच्या चाळीत टिपलेली. आई रांगोळी घालते आहे, मग ताईच्या हाती फुलबाजी देते आणि मामांकडे पाहून हसत हातानेच ‘पुरे, पुरे’ म्हणते. सारा मिळून चार मिनिटांचा खेळ!

यंदा आमच्या पुतण्याने, म्हणजे वाचकांच्या परिचयाच्या बंडूने, ती फिल्म संगणकावर ‘गुळगुळीत’ करून आणली. ल्यूमिएर बंधूंची १८९६ साली लोकांना दाखवलेली आगगाडी २०२० मध्ये कोणी अशीच सेकंदाला साठ चित्रांची केली होती. ती पाहिल्यापासून त्याच्या डोक्यात हे खूळ होते.

सगळी मंडळी टेलिव्हिजनपुढे जमली. धक्के खात चालणारी आई संथपणे चालू लागली तशी सर्वांच्या तोंडून ‘वा!’ निघाले. पण तिने ‘पुरे’ म्हणायला हात वर केला मात्र, ताई ओरडली, “अरे बंडू, आईला सहा बोटे रे कशी?”

पाहतो तो खरेच! ठिणग्यांचा लगदा झाला होता. कठड्याचे गज आईच्या पदरातून वाहत होते. आणि तिची ती जन्माची वाकडी करंगळी क्षणात सरळ होई, क्षणात नाहीशी होई.

“ही माझी आई नव्हे,” एवढेच म्हणून ताई आत निघून गेली. बंडूचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला म्हटले, “बाबा रे, हे झाले कसे ते तरी सांग.”

“काका, मामाआजोबांचा कॅमेरा सेकंदाला सोळा चित्रे घेई. मी केली चौसष्ट. दर दोन खऱ्या चित्रांमध्ये तीन नवी. एका चित्रातला ठिपका पुढच्यात कुठे गेला हे सॉफ्टवेअर ताडते आणि त्याला अधेमधे मांडते. आगगाडी रुळावरून सरळ येते, तिचे सोपे. पण हात चेहऱ्यावरून झर्रकन गेला की मागचे झाकलेले त्याला मनाने भरावे लागते. गज सगळे सारखे, त्यातला कोणता कोणता हे कळत नाही. ठिणगी तर या चित्रात असते, पुढच्यात नसते.”

“म्हणजे रुपयात चार आणे आई आणि बारा आणे अंदाज!” आम्ही म्हणालो.

मग दोन संध्याकाळी काका-पुतणे बसलो. ज्यांच्या कपाटात अशी रिळे आहेत त्यांच्यासाठी सांगतो. व्हिडिओ करताना सेकंदाला पंचवीस चित्रांचा हिशेब जुळवायला काही चित्रे दोनदा घातलेली होती. ती जुळी आधी काढली. नाहीतर चाल अडखळत राहते. धूळ आणि ओरखडे आधीच पुसले, कारण ओरखडा बहुधा एकाच चित्रात असतो आणि नव्या चित्रांत त्याचा फराटा होतो. प्रसंग बदलतो तिथे तुकडे पाडले. नाहीतर रांगोळी वितळून फुलबाजी होते. लोभ आवरला आणि चौसष्टाऐवजी बत्तिसांवर थांबलो. म्हणजे आठ आणे तरी आई! तरीही जिथे हात आणि ठिणग्या बिघडत होत्या, तिथली बनावट चित्रे काढून टाकली आणि खरी चित्रेच दोन-दोनदा लावली. मूळ प्रत मात्र जशीच्या तशी वेगळी ठेवली. तिला हात लावायचा नाही, हे बंडूकडून वदवून घेतले.

भाऊबीजेला ताई आली. आम्ही काही न बोलता फिल्म लावली. आई चालली ती संथ. हात वर केला तेव्हा मात्र तो पूर्वीसारखाच धक्के खात हलला. बंडू ओशाळून म्हणाला, “आत्या, तेवढे गुळगुळीत नाही जमले.”

ताईचे लक्षच नव्हते. ती पडद्याजवळ सरकली होती. “करंगळी बघ,” ती म्हणाली, “वाकडीच आहे. बंडू, पुन्हा लाव रे.”

त्या संध्याकाळी ती फिल्म सात वेळा लागली. फराळ तसाच राहिला.