‘शून्यापासून’ हा शब्द मागे घ्या

‘ठासून सांगणं’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ‘फुसका बार’ही वापरतो. ठासण्याची बंदूक मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेली असते. पुढून, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ओतायची, कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी वर ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, बाहेरच्या छोट्या वाटीत चिमूटभर रंजक घालायची आणि मग चाप ओढायचा. गारगोटी पोलादावर आदळते, ठिणगी पडते, रंजक पेटते आणि बारीक छिद्रातून ती आग आतल्या दारूपर्यंत पोचते. रंजक पेटली आणि आतली दारू पेटलीच नाही, तर धूर होतो, गोळी जागची हलत नाही.

अशी बंदूक घरी, हाताने बनवणं हा अमेरिकेतला एक जुना आणि गंभीर छंद आहे. त्याचे व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेले असतील. माणूस बोलत नाही, मागे संगीत नाही, फक्त पटाशीचा आणि कानशीचा आवाज. कित्येक महिन्यांचं काम अर्ध्या तासात. खाली कौतुकाचा पाऊस : एकटा माणूस, यंत्र नाही, सगळं शून्यापासून!

मला त्या माणसाशी भांडायचं नाही. त्याचं काम खरंच सुंदर असतं. माझं भांडण ‘शून्यापासून’ आणि ‘एकट्याने’ या दोन शब्दांशी आहे. ते खोटे आहेत, हे मी ठासून सांगतो. आणि ते निरुपद्रवी खोटंही नाही.

काम किती अवघड, ते आधी मान्य करू

ही बंदूक म्हणजे अमेरिकन लाँग रायफल. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टर आणि आसपासच्या भागात, जर्मन भाषक कारागिरांनी ती घडवत नेली. त्यांनी सोबत आणलेली शिकारी बंदूक आखूड आणि जाड होती. इथे तिची नळी लांबत लांबत साडेतीन फुटांच्या पुढे गेली आणि गोळी लहान झाली. लोक तिला ‘केंटकी रायफल’ म्हणतात, पण बनली ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियात. नावापासूनच घोटाळा आहे.

लहरदार रेषांच्या मेपल लाकडाची एक जाड फळी घ्यायची. तिच्यात अष्टकोनी नळी बसेल अशी खाच कोरायची. नळीला दिव्याची काजळी फासायची, ती खाचेत दाबायची, उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तिथे अजून अडतंय. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. असं शेकडो वेळा. खटका बसवताना तेच, मागची पितळी टोपी बसवताना तेच.

सगळ्यात छातीत धडकी भरवणारं काम म्हणजे गजाचं भोक. नळीच्या खाली, लाकडाच्या पोटातून, लांबच लांब भोक पाडायचं. वरची खाच आणि हे भोक यांच्यामध्ये जेमतेम तीन-चार मिलिमीटर लाकूड उरतं. लाकडाच्या रेषेने ड्रिलला जरा बाजूला ओढलं, की ते वर नळीच्या खाचेत निघतं किंवा खालून बाहेर येतं. इथे ‘अनडू’ नाही.

शेवटी नायट्रिक आम्लात लोखंड विरघळवून केलेलं पाणी लाकडाला लावायचं आणि तापलेलं लोखंड जवळ धरायचं. हिरवट, मळकट दिसणारं लाकूड डोळ्यांदेखत लालसर तपकिरी होतं, आणि मेपलच्या लहरी उठून दिसतात. हे पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

थोडक्यात, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. म्हणूनच त्याच्याबद्दल खोटं बोलायची गरज नाही.

मूळ बंदूक तरी एकट्याने कुठे बनली होती?

‘शून्यापासून’वाल्यांचा दावा असा : पूर्वीचा बंदूककार जंगलाकाठच्या झोपडीत एकटा बसून लोखंडाच्या पट्टीपासून आणि झाडाच्या ओंडक्यापासून अख्खी बंदूक उभी करायचा, आम्ही ती परंपरा चालवतो.

आता खऱ्या जुन्या बंदुकाच साक्षीला काढू. नळीच्या वरच्या पृष्ठभागावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं. लँकेस्टरच्या जेकब डिकर्टने असं नाव कोरलेल्या बंदुका आजही संग्रहालयांत आहेत. पण कित्येक अमेरिकन लाँग रायफलींच्या खटक्यावर दुसरंच नाव दिसतं, उदाहरणार्थ ‘केटलँड’. हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचे व्यापारी-उत्पादक. घोडा, स्प्रिंगा आणि गारगोटीखालची पोलादी पट्टी असलेला तयार खटका जहाजाने समुद्र ओलांडून यायचा, आणि लँकेस्टरचा कारागीर तो विकत घेऊन बसवायचा. म्हणजे खुद्द बंदुकीच्या अंगावर दोन खंडांची नावं आहेत.

नळी? तीही बरेचदा दुसऱ्याची. बर्क्स परगण्यात वायोमिसिंग ओढ्याच्या काठी पाणचक्क्यांवर चालणारे नळ्यांचे कारखाने होते. लोखंडाची लांब पट्टी तापवून सळईभोवती गुंडाळायची, वितीवितीने जोडत न्यायची, आतून छिद्र सारखं करायचं. ऐरणीवर एकाने धरायचं आणि दुसऱ्याने घण घालायचा. एकट्याने करायचं हे काम नव्हेच. आणि भट्टीत जाणारं लोखंड? व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या लोखंड भट्ट्यांवर गुलाम केलेले आफ्रिकी लोक मोठ्या संख्येने राबत होते. त्यांचं नाव ना नळीवर आहे, ना खटक्यावर.

शिवाय वर्षानुवर्षं उमेदवारी करणारी पोरं. त्यांनी भाता ओढला, लाकूड तासलं, कानशी चालवल्या. नाव उस्तादाचं.

यावर शुद्धतावादी एक हुकमी पत्ता टाकतात : वॉलेस गस्लर. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या ऐतिहासिक वसाहतीत गस्लर बंदूककार होता. १९६९च्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या माहितीपटात तो लोखंडाच्या पट्टीपासून नळी, पोलादापासून खटका, ओतीव पितळेपासून साज आणि मेपलपासून दस्ता असं सगळं अठराव्या शतकातल्या अवजारांनी करताना दिसतो. नळीच्या आतले पिळाचे आटे पाडण्यासाठी लांब दांड्याला बसवलेला पोलादाचा छोटा दात तो पुढेमागे ओढतो, आणि एकेका फेरीत केसाएवढा धातू निघतो. पाहाच तो माहितीपट.

पण तो काय सिद्ध करतो? सगळी कामं एका माणसाला शिकता येतात, एवढं. पूर्वी ती सगळी एकच माणूस करत होता, हे नाही. गस्लरमागेही एक संस्था उभी होती, तिचा जमवलेला जुना संग्रह होता, आणि समोर ठेवून शिकायला मेलेल्या माणसांनी बनवलेल्या बंदुका होत्या. याला शून्य म्हणत असाल, तर तुमचं शून्य फार श्रीमंत आहे.

मग किट विकत आणलं तर चालेल?

आता दुसऱ्या बाजूचे लोक खूश झाले असतील. बाजारात किट मिळतं. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेला दस्ता, नळीची खाच तयार, गजाचं भोक तयार, खटक्याची जागा जवळपास तयार. घासा, रंगवा, स्क्रू आवळा. शुद्धतावादी याला बनवणं मानतच नाहीत.

लँकेस्टरचा उस्ताद तयार खटका विकत घेत होता, तेव्हा विकत घेण्यात पाप नाही. आजचे उत्तमातले उत्तम छांदिष्टही नळी आणि खटका बहुधा विकतच घेतात, आणि घ्यावाच. हाताने जोडलेल्या नळीत दोष राहिला, तर ती चेहऱ्यापाशी फुटते.

पण किट विकणाऱ्यांची जाहिरातही खरी नाही. शुद्धतावाद्यांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं : किट तुमचे कष्ट कमी करतं त्याबद्दल तक्रार नाही, ते तुमचे निर्णय पळवतं. दस्ता किती वाकवायचा, गाल कुठे टेकणार, ठिणगीचं छिद्र वाटीच्या नेमकं कुठे यावं, लाकडाची रेष मनगटाच्या भागात कशी वाहिली तर तो तुटणार नाही, हे सगळं यंत्र चालवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. तुम्ही त्याच्या निर्णयांना पॉलिश करता.

म्हणून कसोटी ‘किती भाग विकत घेतले’ ही नको. कसोटी अशी हवी : बार फुसका गेला, तर का गेला ते तुम्हाला कळतं का? छिद्र खाली आहे, की पट्टी नीट पाणी देऊन कडक झालेली नाही, की स्प्रिंग मऊ आहे? आणि ते तुम्ही दुरुस्त करू शकता का? ज्याला हे येतं त्याने बंदूक बनवली. ज्याला येत नाही, त्याने सर्व भाग झाडावरून तोडून आणले असले तरी त्याने ती फक्त जुळवली.

पण हे शस्त्र आहे

हा आक्षेप टाळून पुढे जाणारा लेख मला आवडत नाही. छांदिष्ट म्हणतात, आम्ही इतिहास जपतो. ठीक. मग अख्खा जपा.

डिसेंबर १७६३मध्ये पेनसिल्व्हेनियात ‘पॅक्स्टन बॉइज’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या टोळीने कोनेस्टोगा या मूळनिवासी वस्तीवर हल्ला करून सहा जणांना मारलं. उरलेल्या चौदा जणांना अधिकाऱ्यांनी संरक्षणासाठी लँकेस्टरमध्ये आणून ठेवलं. टोळी तिथे घुसली आणि तिने बाया-पोरांसकट सगळ्यांना ठार केलं. हेच ते लँकेस्टर, लाँग रायफलीचं माहेरघर. तिथल्या कारागिरांच्या गिऱ्हाइकांत मूळनिवासीही होते, हेही त्याच इतिहासात आहे. दस्त्यावरची नाजूक वेलबुट्टी शिकायची आणि ती बंदूक कुणाच्या जमिनीवर, कुणाविरुद्ध रोखली गेली ते ‘राजकारण’ म्हणून वगळायचं, याला जपणं नाही, निवडणं म्हणतात.

‘एकट्याने, शून्यापासून’ ही भाषा निरुपद्रवी नाही, असं मी म्हणालो ते यासाठीच. ती आधी कामगार पुसते, मग बळी पुसते. जंगल रिकामं होतं आणि माणूस एकटा होता, या दोन्ही थापा एकाच कारखान्यातल्या.

आणि आपण?

आपण तर फक्त बघे, असं म्हणून सुटका नाही. अमेरिकेत १९६८चा केंद्रीय बंदूक कायदा अशा पुढून ठासायच्या, काळ्या दारूवर चालणाऱ्या बंदुकांना बहुतांशी आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. म्हणून तिथे हा छंद होऊ शकतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे. तो तसाच असावा असं माझं मत आहे. तेव्हा हा लेख वाचून कुणी पाइप शोधायला जाऊ नये.

मुद्दा शब्दांचा आहे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आजही आहेत. बिनपरवान्याची सापडली, की बातमीत विशेषण ठरलेलं : ‘गावठी बनावटीची’. बिनपरवाना आहे हे सांगायला ‘बिनपरवाना’ हा शब्द पुरेसा आहे. ‘गावठी’ कशाला? तो शब्द हाताने बनवल्याचा शेरा मारतो. पेनसिल्व्हेनियातला दस्ता ‘हँडक्राफ्टेड’, आपल्याकडचं काहीही ‘गावठी’.

बंदूक सोडा. ऐरण, भाता आणि पाठीवर संसार घेऊन फिरणारे घिसाडी कोयते, कुऱ्हाडी, विळे घडवत आले. पात्याला पाणी देणं, म्हणजे पोलाद किती तापवायचं आणि कधी विझवायचं, हे ज्ञान तेच आहे, ज्यावर खटक्याची स्प्रिंग टिकते. फोनवर गोऱ्या माणसाने ते केलं की आपण ‘काय पेशन्स आहे यार’ म्हणतो. रस्त्याच्या कडेला घिसाड्याने केलं की विळ्याचे वीस रुपये कमी कर म्हणतो. आणि ‘घिसाडघाई’ हा शब्द तर आपण शिवीसारखा वापरतो. ज्यांच्या हाताला घाई परवडतच नाही, त्यांच्या नावाने आपण घाईला नाव दिलं!

तिथे या कामाला छंद म्हणतात, इथे जात म्हणतात. छंद असला की संग्रहालय मिळतं, माहितीपट मिळतो. जात असली की घासाघीस मिळते.

म्हणून ‘शून्यापासून’ हा शब्द मागे घ्या. अमेरिकन छांदिष्टांनी घ्यावा, कारण त्यांच्या बंदुकीच्या खटक्यावरचं दुसरं नावच त्याला खोटं पाडतं. आणि आपण घ्यावा, कारण शून्याचं कौतुक करायची सवय लागली की ज्यांच्यापासून सगळं आलं ती माणसं शून्य वाटू लागतात. पुढच्या वेळी असा व्हिडिओ संपला की ‘एकट्याने केलं’ असं लिहू नका. ‘हे कुणाकडून शिकलात?’ एवढं विचारा. चांगला कारागीर त्याचं उत्तर देताना थकणार नाही. आणि तोच प्रश्न बाजारच्या दिवशी विळा विकत घेताना विचारा, भाव विचारण्याच्या आधी.