बंद पद्मिनी भंगारात देण्याआधी टेस्ट लॅम्प लावा

आज पिकाचं नाही, गाडीचं बोलू.

आपल्या वसमत-कळमनुरीकडं अजून एखाद्या आखाड्यावर कडब्याच्या गंजीशेजारी जुनी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी दिसते. दहा-पंधरा वर्षं बंद. कधीतरी बॅटरी जोडून सेल्फ मारतात, इंजिन फिरतं पण पकडत नाही. लगेच निकाल: "इंजिन गेलं, देऊन टाका." माझं मत वेगळं आहे. इंजिन फिरतंय म्हणजे जाम नाही. पहिला संशय ठिणगीवर घ्या, आणि पार्ट बदलायच्या आधी तपासा.

होतं काय, तर आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग कोणीतरी इलेक्ट्रॉनिक किट बसवायला सांगतो. पैसे गेले, गाडी तिथंच. सोयाबीन पिवळं पडलं की लोहाची कमतरता आहे का मोझॅक आहे हे न बघता तीन औषधं एका पंपात कालवतो, त्यातलाच प्रकार. कृषी सहाय्यकांना हे नवीन सांगायला नको.

पद्मिनीत कॉम्प्युटर नाही. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, त्यात सी.बी. पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, एवढंच. बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प पुरतो. प्लग काढा, चावी चालू करा. लॅम्पचं एक टोक बॉडीला, दुसरं कॉइलच्या चावीकडून येणाऱ्या टोकाला. दिवा लागला नाही तर दोष चावी, वायर किंवा अर्थिंगचा. शेडातली गाडी असेल तर आधी उंदरानं वायर कुरतडली का ते बघा, हसू नका. लागला, तर आता लॅम्प कॉइलच्या दुसऱ्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा आणि इंजिन हातानं फिरवा. पॉइंट उघडले की दिवा लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. कायम लागून राहिला तर पॉइंट टेकत असूनही करंट सोडत नाहीत. दमट हवेत बंद गाडीच्या पॉइंटवर गंजाचा पातळ थर धरतो, डोळ्यालाही नीट दिसत नाही. बारीक पॉलिश पेपरनं हलकं घासा, स्वच्छ कोरड्या कागदानं पुसा, फिलर गेजनं साधारण ०.४ मिलीमीटरची फट ठेवा. दिवा लागतच नसेल तर पॉइंट चिकटलेत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा आतली वायर बॉडीला लागतेय. हे करताना चावी उगाच चालू ठेवू नका, पॉइंट मिटलेले असले की कॉइल तापते.

दिवा बरोबर लुकलुकतोय, पण ठिणगी पिवळी, मरतुकडी आहे आणि पॉइंटवर जाळ दिसतो? कंडेन्सर बदलून बघा. कॉइलच्या मधल्या वायरला ठिणगी आहे, प्लगला नाही? मग रोटर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण आणि प्लगच्या वायरी. ही वायर उघड्या हातानं धरायची नाही, आणि ठिणगी बघताना आसपास पेट्रोल सांडलेलं नको. टाकीतलं जुनं पेट्रोल तर आधीच काढून टाका.

इलेक्ट्रॉनिक किटला माझा विरोध नाही. पण दोष सापडायच्या आधी किट बसवलं तर जुना दोष तसाच राहतो आणि नव्या वायरींचा गुंता वाढतो.

एवढी खटपट कशाला, असं कोणी म्हणेल. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं मुंबईत कुर्ल्याला ही गाडी बनवली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईच्या टॅक्सीतूनही गेली. आता नवी मिळणार नाही. शिवाय २०२१ पासून केंद्राच्या नियमात ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या खाजगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. रोजच्या वापराला ती चालत नाही, हेही खरं. पण १९७० च्या आसपासची गाडी दारात असेल तर भंगारवाल्याला फोन करण्याआधी तिची कागदपत्रं शोधा. अन् दिवा कुठं लागला, कुठं विझला ते मला कळवा.