पुडी त्याची, जबाबदारी तिची?

‘न सांगता दारू सोडवा.’ भिंतीवर, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ही जाहिरात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. आमच्या भुसावळलाही ती दिसते. जडीबुटीची पुडी डाळीत किंवा चहात कालवायची, नवऱ्याला कळू द्यायचे नाही. वस्तीतल्या बैठकीत बाया विचारतात, “ताई, आणू का?”

माझे उत्तर आहे, आणू नका. वनस्पतींत गुणच नसतो, असे मी म्हणत नाही. काविळीवर भुईआवळी, कुटकी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिली जाते. अमेरिकेत 2005 मध्ये 14 जणांना कुडझू वेलाचा अर्क दिला, तेव्हा ते बिअर कमी प्याले. पण कमी पिणे म्हणजे व्यसन सुटणे नव्हे. युरोपात यकृतासाठी मिल्क थिसल नावाचे काटेरी झाड वापरतात. त्यावरच्या 18 चाचण्या 2007 मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. त्याने मृत्यू टळतात, असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. दारू चालूच असेल तर यकृत कोणत्याही काढ्याने वाचत नाही.

आणि झाडपाला म्हणजे निर्धोक, असेही नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, वाद झाला. मग जिच्यात काय आहे हेच माहीत नाही, त्या पुडीचे काय? तिच्यात डायसल्फिरामसारखे औषध मिसळलेले असेल आणि तो वरून दारू प्याला, तर उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तरी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा वेळी दवाखाना जवळ हवा.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. प्यायचे त्याने, पुडीसाठी मजुरीतले पैसे काढायचे तिने, चोरून कालवायची तिने. त्याला कळले तर मार तिला. गुण आला नाही तर ‘पथ्य पाळले नाही’ हा दोषही तिलाच. नवऱ्याचे व्यसन हे बायकोचे स्वयंपाकघरातले गुपित काम कसे झाले?

उपचार उघडपणे, त्याच्या संमतीने व्हायला हवेत. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी माणसाबरोबर कुटुंबाशीही बोलले जाते. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. असा आधार तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळावा, ही आपली मागणी असली पाहिजे. औषधांच्या फसव्या जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदी आहे. मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या अशा जाहिरातींचे फोटो काढा आणि गटाच्या नावाने अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.